सकाळची गोळी

४ मार्च
१६८/१०४.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज संध्याकाळी प्रेशर मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. दोन आकड्यांसाठी हिने दोनशे पानी वही आणली. म्हटलं, अगं, उरलेल्या पानांवर काय लिहू? तर म्हणाली, "मनातलं लिहा. तोंडाने तर काही बोलत नाही. मी वाचणार नाही, शप्पथ."

बघू. लिहिण्याची सवय नाही. गेली एकवीस वर्षं दोन हातांत दोन दांडे धरून उंच क्रेन चालवतोय, हातात पेन धरलं ते सहीपुरतं.

गेली दोन वर्षं संध्याकाळची एक गोळी चालू आहे. तिने भागत नाही, म्हणून बाईंनी आज दुसरी दिली. ही सकाळी घ्यायची. म्हणाल्या, "हिने लघवी जास्त होईल, घाबरू नका. अंगातलं जास्तीचं पाणी आणि मीठ निघून जातं आणि प्रेशर उतरतं. रात्री घेतली तर झोप मोडेल, म्हणून सकाळी घ्या." वय असेल तिशीचं. बोलतात मात्र आमच्या आईसारख्या. मी मान डोलावली.

दोन जूनला कंपनीची तपासणी आहे. १४०/९० च्या वर गेलं की क्रेनवरून खाली. मागच्या वर्षी कंपनीच्या डॉक्टरने काठावर सोडलं आणि बोट दाखवून म्हणाला, पुढच्या वेळी नाही. मला क्रेन सोडून दुसरं काय येतं? काहीही येत नाही. ही म्हणते, भाजी तरी चिरायला शिका. 

५ मार्च
१५८/९८.

सहाला गोळी घेतली. सातला वर चढलो. शिडीच्या पायऱ्या दोनशे बारा आहेत, रोज मोजतो, कधी कमी होत नाहीत. पावणेआठला लघवीची कळ. दाबून धरली. सव्वाआठला हुक रिकामा करून खाली धावलो. वर येऊन बसतोय तोच पुन्हा. दुपारच्या जेवणापर्यंत तीन वेळा उतरलो-चढलो. पायांचे पार तुकडे पडले. खाली काँक्रीटच्या गाड्यांची रांग, आणि मुकादम वायरलेसवर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतोय, "दादा, खाली काही विसरलात का?"

बाटलीचा उपाय असतो, माहीत आहे. बरेच जण करतात. पण मागच्या साइटवर एक जुना क्रेनवाला होता. त्याची बाटली वाऱ्याने केबिनच्या दारातून खाली गेली आणि नेमकी इंजिनिअरसाहेबांच्या पायाशी फुटली. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं नळ. निवृत्तीच्या दिवशी हार घालतानासुद्धा पोरं म्हणाली, नळसाहेबांचा विजय असो. मी हसलो होतो तेव्हा, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. आता माझ्यावर तसं कुणी हसलेलं मला चालणार नाही.

८ मार्च
१४६/९०.

उतरतंय. पण माझे पायही उतरलेत. आज मुकादम जेवणाच्या वेळी शेजारी येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "तब्येत बरी नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघतो." प्रेमाने म्हणाला. प्रेमाने म्हणाला म्हणूनच डबा अर्धा टाकून वर चढलो.

९ मार्च
आज सकाळची गोळी घेतली नाही. हिने पाण्याचा पेला आणि गोळी हातात दिली, म्हटलं चहा झाल्यावर घेतो, आणि खिशात टाकली. वर केबिनमध्ये खोकल्याच्या वड्यांची रिकामी डबी होती, तिच्यात ठेवली. फेकवली नाही. औषध फेकणं बरं नाही वाटत.

सुट्टीच्या दिवशी घेत जाईन. आठवड्यातून एक तर एक. संध्याकाळची आहेच की.

सकाळभर शांत बसलो. खाली एकदाही उतरलो नाही. मुकादम वायरलेसवर म्हणाला, "आज आमचे दादा परत आले."

२२ मार्च
१६०/९८.

ही रोज संध्याकाळी पट्टा बांधते, फुस्स-फुस्स हवा भरते, आणि यंत्राकडे असं बघते जसं परीक्षेच्या निकालाकडे बघावं. मग म्हणते, "आज ऊन होतं ना खूप."

सकाळी डोकं मागून धरतं. केबिन तापते. म्हणून आता सकाळी पाणीच पीत नाही. अर्धा कप चहा, आणि थेट दुपारी खाली आल्यावर. त्यामुळे उतरावं लागतच नाही. हे आधी कसं सुचलं नाही, कुणास ठाऊक.

१ एप्रिल
१६०/१००, डॉक्टरीणबाईंच्या यंत्रावर.

बाईंनी वही मागितली. मी घरी विसरलो म्हणालो, आकडे तोंडी सांगितले. त्यांनी विचारलं, "गोळ्या नियमित घेता ना?" मी म्हणालो, "हो तर." ही शेजारीच बसली होती. तिनेही सांगितलं, "मी स्वतः हातात देते रोज." तिचं खरंच आहे. हातात देते.

बाई पेन कपाळाला लावून बसल्या. म्हणाल्या, दोन गोळ्या घेऊनही उतरत नाही म्हणजे संध्याकाळच्या गोळीचा डोस वाढवायला हवा. वाढवला. मीठ कमी करायला सांगितलं. परत येताना ही वाटेत म्हणाली, "आपण दोघंही अळणीच खायचं. वेगळं वेगळं कोण करत बसणार." हिचं प्रेशर उलट कमीच असतं.

१४ एप्रिल
१५६/९६.

अळणी भाजी गिळवत नाही. साइटवर शेजारच्याकडून चिमूटभर मीठ मागून घेतो. चिमूटभराने काय होतंय.

घरी ही समोर बसून तेच अळणी जेवते, निमूट. मी विचारलं, तुला कशाला ही शिक्षा? तर म्हणाली, "सवय झाली." चेहरा ओढलेला दिसतो तिचा. उन्हाळा असेल.

थकायला होतं. पूर्वी वर चढताना शंभराव्या पायरीवर थांबायचो, आता साठाव्या पायरीवर थांबतो. वय झालं, दुसरं काय.

६ मे
१५४/९६.

पुन्हा डॉक्टरीणबाई. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच हो. आता तिसरी गोळी दिली, रात्री झोपताना. बाई म्हणाल्या, "तुमचं प्रेशर फार हट्टी आहे हो." मला लाज वाटली. बिचारं प्रेशर.

बाहेर औषधवाल्याकडे ही तीन वेगवेगळ्या पुड्या घेऊन उभी होती. एकेका पुडीवर तिने त्याच्याकडून वेळ लिहून घेतली. मग मला म्हणाली, "सगळ्या घेता ना हो?" मी म्हणालो, "तू पोलिसात नोकरी का केली नाहीस?" ती हसली नाही.

१९ मे
१५२/९४.

आज ही माझी पाण्याची बाटली धूत होती. विचारलं, "सकाळी भरून देते ती तशीच कशी येते परत? पाणी पीत नाही का दिवसभर?" मी सांगितलं, साइटवर गार पाणी मिळतं. मग तिने विचारलं, "कुठे दुखतंय का तुम्हाला? माझ्यापासून लपवताय का काही?" म्हटलं, डोकं नको खाऊस. आवाज चढला माझा. नंतर वाईट वाटलं, पण तोवर ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली होती आणि बराच वेळ आत आली नाही.

साइटवर शिट्टी भेटला. शिट्टी म्हणजे माझा खालचा माणूस. मला वरून सगळं दिसत नाही, माल कुठे टेकवायचा हे तो खालून सांगतो. हातात वायरलेस असतो, तरी गळ्यात एक जुनी पितळी शिट्टी असतेच. म्हणतो, बॅटरी दगा देते, फुप्फुसं देत नाहीत. नऊ वर्षं एकत्र आहोत. मी वर, तो माझ्या हुकाखाली. हवेत दोन टन सळ्या आणि त्यांच्या दोराचं टोक धरून हा गडी सुपारी चघळत उभा.

तो म्हणाला, "दादा, हल्ली तुमचा हात उशिरा येतो. मी थांबा म्हणतो, तुम्ही थांबता, पण मध्ये जरा वेळ जातो."
मी म्हणालो, "तुझंच बोलणं उशिरा येत असेल."
"असेल," म्हणाला. वाद घालत नाही कधी.

२८ मे
१५४/९४.

दोन जूनला पाच दिवस उरले. आज केबिनमध्ये डबी उघडून बघितली. एकोणसत्तर गोळ्या. डबी काठोकाठ भरली आहे.

ठरवलं. उद्यापासून तिन्ही गोळ्या घ्यायच्या, अगदी वेळच्या वेळी. उतरावं लागलं तर उतरू, चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. आठ मार्चला चार दिवसांत बावीस उतरलं होतं, माझ्याच हाताने लिहिलंय. तपासणी झाली की पुढचं पुढे बघू.

हे आधीच करायला हवं होतं, असं एकदा मनात आलं. पण आलं आणि गेलं.

३० मे
११८/७६!

पट्टा दोनदा बांधायला लावला. दोन्ही वेळा तेच. माझ्या तरुणपणीसुद्धा एवढं नसेल. मी म्हटलं, बघ, तुझं अळणी कामाला आलं! ही खूश होईल वाटलं, तर यंत्राकडे बघतच बसली. "एकदम कसं?" म्हणाली. "परवापर्यंत दीडशेच्या वर आणि आता हे? बाईंना फोन करू का?" म्हटलं, चढलं तरी फोन, उतरलं तरी फोन! काही नको.

उभं राहताना जरा अंधारी येते. उन्हामुळे. काल-आज मिळून खाली पाच वेळा उतरलो. आज वैतागून पाणी जवळजवळ प्यायलोच नाही.

कंपनीच्या डॉक्टरसमोर बसलं की धाबं दणाणतं माझं, तिथे नेहमी वीस-पंचवीस जास्त भरतं. म्हणून उद्या सकाळी दोन घ्याव्यात म्हणतो, एक पुडीतली आणि एक डबीतली. तेवढीच भरपाई होईल आधी न घेतलेल्यांची.

३१ मे
९४/६०.

आज काही लिहवत नाही.

१ जून
लिहायलाच हवं. ही म्हणाली होती मनातलं लिहा, तर हे घ्या.

काल सकाळी दोन गोळ्या घेतल्या. डोकं हलकं होतं, हात गार. दहाच्या सुमाराला सळ्यांचं बंडल चौथ्या मजल्यावरून खाली आणत होतो. शिट्टी दोर धरून जमिनीवर. मी पायाखालच्या काचेतून वाकून त्याला बघितलं आणि मान वर केली. तेवढंच केलं. समोरचं सगळं पांढरं झालं, मग काळं.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. दांडा हातातून सुटला की आपोआप मधोमध येतो आणि क्रेन थांबते, तसं बनवलंय म्हणून आज ही वही लिहितोय. पण गचका बसला. सळ्या झुलल्या. मला जाग आली ती शिट्टीने. एक लांब, न तुटणारी शिट्टी. तिचा अर्थ एकच, सगळं थांबवा. वायरलेसवर तो ओरडलाही नाही. श्वास संपेपर्यंत वाजवत राहिला.

खाली बघितलं तर तो आडवा पडला होता, आणि त्याचं हेल्मेट दहा हातांवर.

उठला. उठला बिचारा! सळ्यांचं टोक हेल्मेटला चाटून गेलं होतं. तो खाली बसला नसता तर... पुढे लिहीत नाही.

मुकादम धावत आला. मी वायरलेसवर सांगितलं, "दोर अडकला." शिट्टीने आपलं हेल्मेट उचललं. मग म्हणाला, "हो, दोर अडकला." आणि काम पुढे सुरू झालं.

आज कामावर गेलो नाही. संध्याकाळी तो घरी आला. ते हेल्मेट घेऊन. बसला नाही, दारातच उभा राहिला. हेल्मेटवर कानाच्या वर वीतभर चीर होती. मी म्हणालो, "तू खोटं का बोललास माझ्यासाठी?" म्हणाला, "तुम्ही बोललात म्हणून." मग म्हणाला, "दादा, काय झालं, कशाने झालं, मला नका सांगू. मी उद्या खाली उभा राहू की नको, एवढंच सांगा. घरी विचारलं तर काय सांगायचं मला कळत नाही."

मी हेल्मेट त्याच्या हातातून घेतलं. नऊ वर्षांत त्याने मला हे एकदाही विचारलं नव्हतं. रोज न विचारता उभा राहायचा.

तो गेला. ही आतून सगळं ऐकत होती. तिने पट्टा आणला आणि बांधला. १०८/६८. उद्याच्या तपासणीत मी सहज पास होणार. एकवीस वर्षांतला सगळ्यात चांगला आकडा.

मी उठून पिशवीतून डबी काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. काल उतरताना ती पिशवीत टाकून आणली होती, का आणली माहीत नाही. तिने झाकण उघडलं. एक गोळी उचलून पुडीतल्या गोळीशी जुळवून बघितली.

"तीन महिने मी रोज पट्टा बांधत होते," ती म्हणाली. "कुणाचं प्रेशर मोजत होते मी?"

मी सांगितलं सगळं. शिडीचं, मुकादमाचं, नळाचं. नळाचं सांगताना वाटलं तिला हसू येईल. तिला रडू आलं. "तुम्हाला मूत्रपिंडाचं काही झालंय आणि तुम्ही मला सांगत नाही, असं वाटायचं मला. देवाला काय काय बोलले मी. आणि तुम्ही... लाजत होता?"

हो. लाजत होतो. एवढ्याशा लाजेपायी मी एका माणसाला मारणार होतो.

२ जून
सकाळी सहाला शिट्टीला फोन केला. म्हणालो, "उभा राहू नकोस. मीच चढत नाहीये." तो एवढंच म्हणाला, "बरं दादा," पण मोठा श्वास सोडलेला ऐकू आला मला.

सकाळची गोळी घेतली नाही. पण या वेळी आधी बाईंना फोन केला, त्यांनीच सांगितलं, आज घेऊ नका आणि निघून या. डबी आणि ही वही दोन्ही घेऊन गेलो. डबी त्यांच्या टेबलावर रिकामी केली. बाईंनी एकेक मोजली. अडुसष्ट. वाटलं, आता कान उपटणार. उपटलेही.

"यांच्यापायी मी तुमचा डोस दोनदा वाढवला," त्या म्हणाल्या. "तुम्ही घेताय असं धरून. मग त्या वाढवलेल्या डोसावर तुम्ही ही एकदम सुरू केलीत, वर एक जास्तीची, पाणी न पिता, उन्हात, दोनशे फुटांवर. पडाल नाहीतर काय? चुकलेली गोळी चुकली. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन ती भरून निघत नाही. आणि आपल्या मनाने बंद करायची नाही. त्रास होत असेल तर मला सांगायचं. त्यासाठीच बसलेय ना मी इथे?"

मग वही चाळू लागल्या. पाच मार्च वाचलं. नऊ मार्च वाचलं. चिमूटभर मिठाचंही वाचलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. नंतर वही मिटली आणि आवाज उतरला त्यांचा. "तुम्ही कामाला असता कुठे, हे मी कार्डावर लिहिलंय. क्रेनचालक. माझ्याच अक्षरात. सकाळी सातला चढून बाराला उतरणाऱ्या माणसाला मी सकाळी ही गोळी दिली, आणि वर काय होतं ते विचारलं नाही. घेता ना, एवढंच विचारत राहिले."

मी विचारलं, आता काय?

"आता रक्त तपासायचं, अंगातले क्षार आणि मूत्रपिंड बघायचं. आठवडाभर ही गोळी बंद. नंतर अर्धी, संध्याकाळी पाचला, खाली उतरल्यावर. झोपायच्या वेळेपर्यंत तिचं काम झालेलं असतं."

"पण ही सकाळची आहे ना?"

"सकाळचीच घ्यायची, असं ब्रह्मदेवाने लिहून नाही ठेवलं हो."

मी आणि ही एकमेकांकडे बघत बसलो. एवढं सोपं होतं. तीन महिने, अडुसष्ट गोळ्या, आणि विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम. इतका थकवा आला मला त्या खुर्चीत, की उठायला हिने हात दिला. बाई लगेच म्हणाल्या, "हळू. आधी बसल्या बसल्या पाय हलवा, मग उठा."

तिथून कंपनीच्या डॉक्टरकडे. यंत्रावर ११६/७४ भरलं. त्याने पास लिहायला पेन उचललं, तेव्हा मी सगळं सांगितलं. परवाचंही. दोर अडकला नव्हता, मी बेशुद्ध होतो. पेन थांबलं. सहा आठवडे वर चढायचं नाही, त्यानंतर आकड्यांची वही घेऊन यायचं. कायमचं काढायचं की नाही ते तेव्हा ठरेल.

मुकादम म्हणाला, "आधी सांगितलं असतंत तर." आज हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं.

२० जून
१३४/८४.

आता मी जमिनीवर असतो. शिट्टीच्या शेजारी, दोराचं दुसरं टोक धरून. वरती नवी मुलगी आली आहे, दुसऱ्या साइटवरून. हात सफाईदार आहे, माझ्या तरुणपणातल्या हातापेक्षा बरा, शिट्टीला हे सांगू नये.

खालून हुक वेगळाच दिसतो. एकवीस वर्षं मी त्याची फक्त पाठ बघितली होती. दोन टन डोक्यावर आले की पाय आपोआप मागे सरतात. शिट्टीला विचारलं, "नऊ वर्षं असंच होतं तुला?" म्हणाला, "पहिली दोन वर्षं. मग तुमच्यावर सोडून दिलं." मला त्याच्याकडे बघवेना.

आज दहाच्या सुमाराला लक्षात आलं, नवी मुलगी सातपासून एकदाही खाली आलेली नाही. दुपारी तिची बाटली बघितली. भरलेली. मी काही न विचारता ओळखलं. तिच्यासाठी तर आणखीच कठीण. मुकादमाकडे गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, दर दोन तासांनी हुक रिकामा, दहा मिनिटं क्रेन बंद, चालकाने खाली यायचं, पाणी प्यायचं, जाऊन यायचं. मुकादम म्हणाला, गाड्या खोळंबतील. म्हटलं, खोळंबू देत. शिट्टीचं हेल्मेट अजून माझ्या घरी आहे, आणून दाखवू का?

मागून कुणीतरी बोललंच, "दादांचा नळ बिघडलाय." सगळे हसले. मी वळून म्हणालो, "बिघडला होता. आता दुरुस्त आहे." थोडं मीही हसलो. एवढंच असतं होय ते. याला मी इतका भ्यायलो होतो.

संध्याकाळी पाच वाजता अर्धी गोळी घेतली. ही समोर उभी होती. मी तोंड उघडून दाखवलं. म्हणाली, "नका दाखवू. विश्वास आहे." मग थांबून म्हणाली, "बरं, दाखवाच."

१४ जुलै
१२८/८०.

तपासणी. वहीतले सहा आठवड्यांचे आकडे डॉक्टरने बोटाने एकेक बघितले. उठवून, बसवून, पुन्हा उठवून मोजलं. मग शिक्का मारला. तीन-तीन महिन्यांनी यायचं आणि वही आणायची, या अटीवर.

घरी आलो तर हिने आपल्या ताटात वरून मीठ घेतलं होतं. बाईंनीच तिला सांगितलं म्हणे, तुमचं प्रेशर कमी असतं, तुम्हाला कुणी अळणी खायला सांगितलं होतं? साडेतीन महिने. मला कळलंही नाही की ती चक्कर येऊन दोनदा बसली होती स्वयंपाकघरात. मी म्हणालो, सांगायचं नाही का? म्हणाली, "तुमच्याकडूनच शिकले."

मी मिठाची बरणी तिच्या ताटाजवळ सरकवली.

१६ जुलै
आज चढलो. दोनशे बारा. साठाव्या पायरीवर थांबलो, मग एकशे वीसवर. घाई केली नाही.

पाणी बरोबर नेलं होतं. केबिनमध्ये बसलो, दांड्यांवर हात ठेवले, पण ते हलवता येईनात. खाली काचेतून शिट्टी दिसत होता, नवं हेल्मेट घालून, बंडलाजवळ दोर धरून. त्या दिवशी त्याने दारात उभं राहून विचारलं होतं, त्याचं उत्तर मी फक्त नको असं दिलं होतं. दुसरं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

वायरलेस उचलला. "शिट्टी, उभा राहा."

"उभाच आहे," तो म्हणाला. मग सगळ्या साइटला ऐकू जाईल अशा आवाजात, "दादा, आधी सांगा, जाऊन आलात का?"

खाली कुणी हसलं की नाही, वरून कळत नाही. मी बटण दाबलं आणि सगळ्या साइटला सांगितलं, "आलोय." मग हुक खाली सोडला.